कॅरमच्या तीन संचांतून डव्हॉन: पट आखण्यापासून शेवटच्या चळतीपर्यंत

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. या वेळेत बऱ्याच घरांत कॅरम निघतो. त्याच कॅरमच्या सोंगट्या वापरून दोघांना खेळता येईल असा एक वेगळा, पूर्णपणे डोक्याचा खेळ मांडता येतो. त्याचं नाव डव्हॉन. बेल्जियमच्या क्रिस बर्म यांनी २००१ मध्ये तो आणला. ‘गिप्फ’ या त्यांच्या खेळमालिकेतला तो एक. यात फासा नाही, पत्ते नाहीत, कुणापासून काही लपलेलं नाही. सोंगट्यांवर सोंगट्या चढवत चळती उभ्या करायच्या आणि शेवटी ज्याच्या ताब्यातल्या सोंगट्या जास्त, तो जिंकला.

ऐकायला एवढं सोपं असल्यामुळे नवखा माणूस पहिल्या चालीपासून उंच चळत बांधायच्या मागे लागतो आणि हरतो. डव्हॉनमध्ये उंचीपेक्षा दोन गोष्टी जास्त मोलाच्या आहेत: चळत लाल सोंगटीशी जोडलेली राहणं, आणि आपल्या हातात चाली शिल्लक असणं. नियम सांगतानाही आम्ही याच दोन गोष्टींकडे पुन्हापुन्हा वळणार आहोत.

साहित्य

खेळाला २३ पांढऱ्या, २३ काळ्या आणि ३ लाल सोंगट्या लागतात. कॅरमच्या एका संचात ९ पांढऱ्या, ९ काळ्या आणि १ राणी. म्हणजे तीन संच घेतले की २७, २७ आणि बरोबर ३ राण्या. प्रत्येक रंगाच्या चार सोंगट्या उरतात, त्या हरवल्या-फुटल्यासाठी बाजूला ठेवाव्यात.

तिन्ही संच एकाच बनावटीचे घ्या. स्पर्धेच्या मापाची सोंगटी साधारण ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर व्यासाची आणि ७ ते ९ मिलिमीटर जाडीची असते. एका संचाची जाडी ७ आणि दुसऱ्याची ९ असेल, तर नुसत्या नजरेनं चळतीची उंची कळत नाही, आणि या खेळात उंची चुकीची मोजली की चालच चुकते. दुकानातच आठ सोंगट्या एकमेकींवर रचा आणि बुडाला धरून वीतभर सरकवून बघा. लाकडी सोंगट्या सहसा नीट बसतात. स्वस्त प्लॅस्टिकच्या काही सोंगट्यांना मधोमध उंचवटा असतो. त्यांची चळत चारच्या वर टिकत नाही. बाटलीची बुचं वापरायचा मोह होतो, पण ती आतून पोकळ असल्यानं एकमेकांत अडकतात किंवा घसरतात.

जुन्या घरच्या सोंगट्या वापरणार असाल तर आधी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळवून घ्या. कॅरमच्या पावडरीचा थर राहिला तर पाचव्या-सहाव्या सोंगटीला चळत घसरते.

पटासाठी कापड घ्यायचं तर जाड मांजरपाट उत्तम. चाटी गल्लीत किंवा कापडाच्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळतो. सोलापूरची ओळख असलेला टेरी टॉवेल मात्र इथे कामाचा नाही, कारण त्याच्या धाग्यांच्या उभ्या वेटोळ्यांवर सोंगटी सपाट बसत नाही. चादरीचंही तसंच: विणलेली नक्षी सुंदर असते, पण तिच्यात आखलेली घरं दिसेनाशी होतात. मांजरपाट नुसता पसरला तर सुरकुती पडते आणि सुरकुतीवरची चळत कोसळते, म्हणून तो पुठ्ठ्यावर किंवा पातळ प्लायवूडवर ताणून चिकटवा. फ्लेक्सवर छापून घेतलात तर घडी घालू नका, गुंडाळी करा. घडीची रेघ पुन्हा जात नाही.

पट आखणे

पटावर पाच आडव्या ओळी आहेत आणि त्यांत अनुक्रमे ९, १०, ११, १० आणि ९ घरं. एकूण ४९. घरं एकाखाली एक येत नाहीत. प्रत्येक ओळ शेजारच्या ओळीपेक्षा अर्ध्या घरानं सरकलेली असते. त्यामुळे आतल्या प्रत्येक घराला सहा शेजारी मिळतात: दोन बाजूंचे, दोन वरचे, दोन खालचे. बुद्धिबळासारखा चौकोनी पट आखून काम भागवायला गेलात तर दिशा सहाच्या चार किंवा आठ होतात आणि खेळ पार बिघडतो.

५५ बाय २७ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. शेजारच्या दोन घरांच्या मध्यबिंदूंत ४.५ सेंटिमीटर अंतर ठेवायचं आहे.

१. वरच्या कडेपासून ५.७, ९.६, १३.५, १७.४ आणि २१.३ सेंटिमीटरवर पाच आडव्या रेघा पेन्सिलीनं हलक्या मारा. ओळींमधलं अंतर ३.९ का? ४.५ ला ०.८६६ नं गुणलं की ते येतं, आणि तेवढं ठेवलं तरच सहाही शेजारी सारख्या अंतरावर बसतात.

२. मधल्या, म्हणजे तिसऱ्या रेघेवर डाव्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर पहिला ठिपका द्या. पुढे दर ४.५ वर एक, असे ११. शेवटचा बरोबर ५० वर आला पाहिजे.

३. दुसऱ्या आणि चौथ्या रेघेवर सुरुवात ७.२५ वर, १० ठिपके, शेवटचा ४७.७५ वर.

४. पहिल्या आणि पाचव्या रेघेवर सुरुवात ९.५ वर, ९ ठिपके, शेवटचा ४५.५ वर.

५. प्रत्येक ठिपक्याभोवती सोंगटीएवढं वर्तुळ काढा आणि शेजारची वर्तुळं बारीक रेघांनी जोडा. या रेघा नुसत्या शोभेच्या नाहीत. सरळ रेषा कुठली हे नवख्याला त्यांच्यावरूनच कळतं.

चुकतं ते बहुतेक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत. त्या दोन्ही एकाच बाजूला सारख्याच सरकलेल्या हव्यात. शेवटचा ठिपका सांगितलेल्या जागी येत नसेल तर तिथंच थांबून मागचं मोजा, शाई नंतर लावा. साध्या मार्करची शाई मांजरपाटात पसरते, म्हणून कापडावर लिहायचं पेन किंवा फॅब्रिक पेंट घ्या.

पट तयार झाला की एकदा कडेची घरं मोजा. ती २४ भरतात आणि आतली २५. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिला टप्पा: सोंगट्या मांडणे

पट रिकामा असतो. पांढरा सुरुवात करतो. दोघं आळीपाळीनं एकेक सोंगटी कुठल्याही रिकाम्या घरात ठेवतात, पण आधी तिन्ही लाल. पहिली राणी पांढरा ठेवतो, दुसरी काळा, तिसरी पुन्हा पांढरा. मग काळ्यापासून आपापल्या रंगाच्या सोंगट्या, ४९ घरं भरेपर्यंत. या हिशेबानं शेवटची सोंगटी पांढऱ्याची पडते आणि दुसऱ्या टप्प्यातली पहिली चालही त्याचीच असते.

पहिल्या एक-दोन डावांना हा टप्पा गाळलात तरी चालेल. तिसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या घरात राण्या ठेवा, बाकी सोंगट्या पिशवीत कालवून जशा येतील तशा भरा आणि थेट चाली सुरू करा. मांडणीतलं शहाणपण चाली समजल्यावरच येतं.

दुसरा टप्पा: चाली

चळतीवर ज्याची सोंगटी सर्वांत वर, चळत त्याची. खाली कुणाचे किती रंग आहेत याला महत्त्व नाही. एकटी सोंगटी म्हणजे एक उंचीची चळत.

चळतीत जितक्या सोंगट्या, तितकीच घरं ती सरळ रेषेत जाते. एक कमी नाही, एक जास्त नाही. सहापैकी कुठलीही दिशा चालेल, पण वाटेत वळायचं नाही. वाटेतली घरं भरलेली असोत की रिकामी, ती मोजायचीच. जिथं पोचाल तिथं मात्र सोंगटी असलीच पाहिजे: आपली, समोरच्याची किंवा लाल. रिकाम्या घरात उतरता येत नाही. पोचलात की अख्खी चळत तिथल्या चळतीवर बसते. चळत कधी फोडायची नाही.

ज्या चळतीच्या सहाही शेजारच्या घरांत सोंगट्या आहेत, ती अडकलेली. उंची कितीही असो, तिला हलता येत नाही. म्हणूनच सुरुवातीला फक्त कडेच्या २४ घरांतून चाली होतात. आतल्या २५ सोंगट्या कुणीतरी शेजारून उठेपर्यंत बसून राहतात.

एकट्या राणीला कुणीच हलवू शकत नाही. तिच्यावर कुणाची सोंगटी चढली की ती त्या चळतीचा भाग होते आणि चळतीबरोबर फिरते.

आता खेळाचा गाभा. प्रत्येक चालीनंतर पट बघायचा. जी सोंगटी किंवा चळत शेजाऱ्याला शेजारी अशा साखळीनं एकाही राणीपर्यंत पोचत नाही, ती लगेच पटावरून उचलायची. तुटलेला गट दोन सोंगट्यांचा असो की पंधरांचा, सगळा जातो आणि कुणाच्याच खात्यात जमा होत नाही. राणी स्वतः, किंवा पोटात राणी असलेली चळत, शेजारी कुणी नसलं तरी राहते.

चाल असेल तर खेळावीच लागते. नसेल तर पाळी सोडायची, पण डाव तिथं संपत नाही. पुढे चाल निघाली तर पुन्हा खेळायचं. दोघांनाही चाल उरली नाही की आपापल्या ताब्यातल्या चळती एकावर एक रचायच्या. उंच रास त्याचा डाव. राण्याही मोजल्या जातात, पण ज्या राणीवर कुणीच नाही ती कुणाचीच नाही. दोन्ही राशी सारख्या भरल्या तर बरोबरी.

दर चालीला निदान एक घर कायमचं रिकामं होतं, त्यामुळे डाव लांबत नाही आणि त्याच त्या चाली फिरून येत नाहीत.

उंचीचा हिशेब

पटाला ओळी पाचच. म्हणजे तिरप्या दिशेनं जास्तीत जास्त चार घरं जाता येतं. याचा सरळ अर्थ असा की चळत पाचची झाली की तिच्या सहापैकी चार दिशा कायमच्या बंद. ती फक्त ओळीत डावी-उजवीकडे जाऊ शकते, आणि तेही तेवढ्या अंतरावर घर आणि त्यात सोंगटी असेल तर.

तिसऱ्या ओळीतल्या सहाव्या, म्हणजे अगदी मधल्या घरातून दोन्ही बाजूंना पाचच घरं आहेत. तिथं सहाची चळत झाली की ती डाव संपेपर्यंत तिथंच. पहिल्या ओळीतल्या पाचव्या घरात तर पाचची चळतसुद्धा हलत नाही, कारण दोन्हीकडे चारच घरं आहेत. अकरा किंवा जास्त उंचीची चळत पटावर कुठूनही हलू शकत नाही.

न हलणारी चळत वाईटच असते असं नाही. तिच्या पोटात राणी असेल आणि समोरच्याच्या एकाही चळतीला तिच्यावर उतरता येत नसेल, तर ती सर्वांत सुरक्षित ठेव आहे. म्हणून उंच चळत बांधण्याआधी दोन प्रश्न विचारा. ही कुठल्या राणीच्या आधारावर आहे, आणि तो आधार कोण हलवू शकतं? इथं कोण उतरू शकतं: शेजारची एकटी सोंगटी, दोन घरांवरची दोनची चळत, तीन घरांवरची तीनची? सहाही दिशांना बोट फिरवून बघा. घाईत बघायची राहते ती सहसा दूरच्या टोकाची पाच-सहाची चळत. रिकाम्या घरांवरून ती थेट येऊन बसते.

राणी पळवणे: एक उदाहरण

तिसरी ओळ घ्या. पहिल्या घरात पांढऱ्याची चारची चळत, दुसऱ्यात एकटी राणी, तिसऱ्यात एकटी काळी, चौथ्यात कुणाचीही एक सोंगटी जी उजवीकडच्या दुसऱ्या राणीशी जोडलेली आहे. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतली पहिल्या घराच्या शेजारची घरं रिकामी झालेली आहेत.

काळा तिसऱ्या घरातून दुसऱ्यात, राणीवर चढतो. आता दोनची चळत झाली. पांढऱ्यानं लक्ष दिलं नाही तर पुढच्या पाळीला ती दोन घरं उडी मारून चौथ्यात जाईल, राणी सोबत नेईल, आणि पहिल्या घरातली पांढऱ्याची चळत एकटी पडेल. चार सोंगट्या पटाबाहेर.

पांढऱ्याला मधे एक पाळी मिळते. त्याची चळत चारची, म्हणजे पहिल्यातून पाचव्या घरात जाऊ शकते, पण पाचव्यात सोंगटी असली तरच. तिरप्या दिशेला तिसऱ्या ओळीतून दोनच ओळी मिळतात, तिथं सुटका नाही. त्यामुळे जाणता काळा पाचवं घर रिकामं व्हायची वाट बघतो आणि मगच राणीवर चढतो. पांढऱ्यानं खरं तर आधीच ओळखायला हवं होतं की पहिलं घर कोपरा आहे. पटाच्या सहा कोपऱ्यांना तीनच शेजारी असतात, कडेच्या इतर घरांना चार, आतल्यांना सहा. कोपऱ्यात मोठी ठेव ठेवायची तर राणी त्या चळतीच्या पोटातच हवी.

चाली राखून ठेवणे

डावाच्या शेवटी चाल असेल तर खेळावीच लागते हा नियम डोकं वर काढतो. समोरच्याच्या सोयीच्या चाली संपल्या की त्याला नाइलाजानं आपली चांगली चळत हलवावी लागते. ही वेळ त्याच्यावर यावी, आपल्यावर नाही, यासाठी बिनधोक चाली साठवून ठेवायच्या असतात.

तिसऱ्या ओळीत पहिल्या ते चौथ्या घरात पांढऱ्याच्या चार एकट्या सोंगट्या आहेत आणि पाचव्यात त्याचीच, पोटात राणी असलेली उंच, हलू न शकणारी चळत. आजूबाजूची घरं रिकामी. यातून किती चाली निघतील?

दुसरी सोंगटी पहिल्यावर टाकलीत तर दुसरं घर रिकामं होतं आणि पहिल्या घरातली दोनची चळत राणीपासून तुटते. दोन सोंगट्या गेल्या. चौथी पाचव्यावर चढवलीत तर पहिल्या तिन्ही तुटतात. बरोबर क्रम असा: पहिली दुसऱ्यावर, ती दोनची चळत तिसऱ्यावरून उडी मारून चौथ्यावर, मग तिसरी चौथ्यावर. तीन चाली निघाल्या आणि एकही सोंगटी गेली नाही. कायम टोकाकडून राणीच्या दिशेनं गोळा करत यायचं. ही मांडणी पटावर लावून मुलांकडून हा क्रम शोधून घ्या. जोडणीचा नियम दहा वेळा सांगून जेवढा कळत नाही तेवढा यातून कळतो.

मांडणीकडे परत

चाली अंगवळणी पडल्या की पहिला टप्पा खेळायला घ्या. राण्या जवळजवळ पडल्या तर दूरची टोकं लवकर तुटतात आणि डाव झटपट, कापाकापीचा होतो. लांब पसरल्या तर चळती वाढायला अवधी मिळतो. रंगीत सोंगट्या ठेवताना कडेच्या २४ घरांत आपल्या किती येताहेत ते मोजत राहा, कारण सुरुवातीच्या चाली तिथूनच येणार. पण सगळ्या कडेला लावून राण्यांची आतली बाजू समोरच्याला देऊन टाकणं महागात पडतं. राण्यांच्या शेजारी दोन-तीन सोंगट्या तरी आपल्या हव्यात. आणि समोरच्याला तीन-चार लगतच्या घरांत त्याचाच रंग भरू देऊ नका. मधे आपली एक घुसवा. कडेला एकाच रंगाचा सलग पट्टा म्हणजे त्याच्या राखीव चालींची पेटी.

नेहमी होणारे घोळ

तुटलेला गट उचलायचा राहून जातो आणि दोन चालींनंतर लक्षात येतो. उपाय एकच: चाल करणाऱ्यानं हात काढण्याआधी तुटलेले गट उचलायचे, समोरच्यानं तपासायचे, मगच पुढची पाळी.

पंख्याचा वारा किंवा कोपराचा धक्का लागून चळत कोसळली तर घाबरू नका. चळत कधी फुटत नसल्यानं आतला क्रम डावाला लागत नाही. सर्वांत वरचा रंग, एकूण संख्या आणि आत राणी होती का, एवढ्या तीन गोष्टी बरोबर असल्या की पुन्हा रचून पुढे जाता येतं. आठच्या वरच्या चळतीची संख्या कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून शेजारी ठेवली तर वादच होत नाही. चळत उचलताना बुडाच्या सोंगटीला दोन्ही हातांच्या बोटांनी धरा.

पांढऱ्याला मांडणीतली शेवटची सोंगटी आणि पहिली चाल दोन्ही मिळतात, म्हणून एका डावावर निकाल लावू नका. रंग बदलून दोन डाव खेळा आणि दोन्ही डावांतल्या राशींच्या सोंगट्यांची बेरीज करून जिंकणारा ठरवा.